शंभर मीटरच्या पुढे

सावद्याच्या पॅकिंग हाउसचं ऑफिस म्हणजे
दोन टेबलं, एक कूलर, फेगडे अण्णांचं कपाट
आणि भिंतीला खिळ्यांनी धरून ठेवलेली निळी वायर.
तिच्या टोकाशी जाऊन बसल्याशिवाय
कुणाला काही कळायचं नाही.

शेडवरून ऑफिसात आकडे न्यायचा भिकन.
यमुनाबाई काट्यावरून ओरडायची,
हा तळहातावर लिहायचा
आणि पळायचा.
घामानं तिनाचा आठ व्हायचा कधी,
मग ट्रक उभा, ड्रायव्हर शिव्या देत उभा,
अण्णा चष्मा पुसत उभे.

म्हणून मला बोलावलं.
मी मुबारक तडवी, फैजपूरचा.
शिडी, क्रिम्पर, आणि आठ तारांचा क्रम तोंडपाठ:
पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा...
एक रंग चुकला की टोक कापा, पहिल्यापासून म्हणा.

अण्णांना म्हटलं, वायर शंभर मीटर चालते, मग दमते.
तिथवर नेऊ, छताला पांढरी थाळी टांगू.
पुढचं हवा नेईल.
अण्णांनी विचारलं, हवेचं भाडं किती?

त्याच वायरीतून वीज चढली, त्याच वायरीतून निरोप.
तीन थाळ्या: काट्यावर, धुण्याच्या हौदावर, ट्रकच्या धक्क्यावर.
तिघींना नाव एकच दिलं.
म्हणजे चालत्या माणसाचा फोन
एकीचा हात सोडून दुसरीचा धरतो
आणि माणूस आपला तंबाखू मळत चालतच असतो.

शेड रिकामं होतं. पत्रा उन्हानं तडतडत होता.
या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत मी फोन धरून फिरलो,
सगळीकडे भरपूर.
पैसे घेतले, चहा घेतला, निघालो.

आठव्या दिवशी अण्णांचा फोन :
"तुझी हवा सरली रे."

जाऊन पाहतो तर शेड गच्च.
घड, क्रेट, खोकी, डोक्याच्या वर थप्प्या.
दोन थप्प्यांच्या मध्ये शिरलं की फोन मुका.
वर थाळीचा हिरवा डोळा टक्क उघडा.
टोकं पुन्हा कापली, स्विच बंद करून चालू केला,
एक थाळी बदललीसुद्धा.
वायर निर्दोष. मी घामाघूम.

भिकन पालथ्या क्रेटवर बसून शेंगदाणे सोलत होता.
काम गेलेला माणूस बसतो, तसा पाय हलवत.
म्हणाला, "केयी भरली का जाते, केयी गेली का येते.
चार दिवस झाले, पाहू रायलो."
तुला कसं कळलं?
"गाणं अटकते ना."

मग लख्ख कळलं आणि लाजही वाटली.
केळं म्हणजे सालीत बांधलेलं पाणी.
ठिबकच्या नळीनं थेंब थेंब वर्षभर पाजलेलं,
आता खोक्याखोक्यांतून रचून ठेवलेलं.
लहर पाण्यात शिरते, तिथंच विरते,
पलीकडे काही निघत नाही.
मी रिकामं शेड मोजून गेलो होतो,
आणि रिकामं शेड कुणाच्या कामाचं?

थाळ्या हलवल्या. भिकन बोट दाखवेल तिथं.
"इथून हमाल वळते, इथं थप्पी कधी लागत नाही."
थप्प्यांमधली गल्ली त्याच्या पायांना पाठ होती.
धक्क्यावरच्या थाळीची वायर भरली चौऱ्याण्णव मीटर.
सहा उरले.

आता यमुनाबाई आकडा दाबते
आणि अण्णांच्या पडद्यावर तो आधीच बसलेला असतो.
तरी ती ओरडतेच, जुन्या सवयीनं,
आणि भिकन तळहात पाहतो.

बिलात लिहिलं: थाळ्या तीन, वायरीचं एक खोकं,
मजुरी, शिडीचं रिक्षाभाडं.
खाली एक ओळ मोकळी होती.
विचारलं, अण्णा, भिकनचे किती लिहू?

अण्णांनी चष्मा काढला.
पुसत राहिले.